देवदाराचं तेल: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात सीडरवुड तेलाची बाटली मागणारे अलीकडे बरेच वाढले आहेत. कुणाला केसांसाठी हवं असतं, कुणाला झोपेसाठी, तर कुणाला बैलाच्या गोचिडांसाठी. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून येणारे प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. जिथे तेलाचा खरा उपयोग आहे तिथे तसं म्हटलं आहे, आणि जिथे नाही तिथे तुमचे पैसे वाचावेत अशीच इच्छा आहे.

सीडरवुड तेल म्हणजे देवदाराचंच तेल ना?

प्रत्येक वेळी नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. 'सीडरवुड' या एका नावाखाली बाजारात निदान चार झाडांची तेलं विकली जातात.

आपला देवदार, शास्त्रीय नाव सीड्रस देवदारा, हिमालयात साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर वाढतो. हिमाचल प्रदेशाचा तो राज्यवृक्ष आहे. त्याच्याच कुळातला ॲटलास सीडर मोरोक्को आणि अल्जीरियाच्या डोंगरांत होतो, आणि तिथे आता ते झाड धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोजलं जातं. या दोघांच्या तेलात हिमाचलीन नावाचे घटक सगळ्यात जास्त असतात. उरलेली दोन तेलं अमेरिकेतली: व्हर्जिनिया सीडर आणि टेक्सास सीडर. ही झाडं नावाला सीडर असली तरी ती ज्युनिपर आहेत, म्हणजे आयुर्वेदातल्या हपुषेच्या गोत्रातली. त्यांच्या तेलात सीड्रॉल, सीड्रीन आणि थुजॉप्सीन हे घटक असतात.

हे इतकं खोलात सांगायचं कारण असं की मोबाइलवर वाचायला मिळणारे बरेच फायदे एका झाडाच्या तेलावर तपासलेले असतात आणि विकली जाते दुसऱ्याच झाडाची बाटली. त्यामुळे बाटली हातात घेतली की आधी लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव शोधा. सीड्रस देवदारा, सीड्रस अटलांटिका, ज्युनिपेरस व्हर्जिनियाना, यांपैकी काहीतरी लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं 'शुद्ध सीडरवुड ऑइल' लिहिलं असेल तर ती बाटली ठेवून द्या. आणि थुजाच्या पानांचं तेल म्हणजे तर भलतंच काही आहे. त्यात थुजोन हे मेंदूवर परिणाम करणारं विषारी द्रव्य असतं. सीडरच्या नावाखाली कुणी ते देत असेल तर अजिबात घेऊ नका.

हे तेल काढतात कसं? तिळासारखं घाण्यात गाळून का?

नाही, वाफेवर. देवदाराचे बुंधे, मुळं, आरागिरणीतल्या ढलप्या आणि भुसा यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल सुटतं, नळीत थंड होतं आणि पाण्यावर तरंगतं, मग ते वेगळं काढून घेतात.

आपल्या भागाला ही रीत परकी नाही. जुन्या पश्चिम खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, तळोद्याच्या बाजूला रोशा गवताच्या तेलाच्या भट्ट्या लागायच्या. फुलोऱ्यावर आलेलं गवत कापून हंड्यात पाण्यासकट ठासून भरायचं, तोंड लिंपून घ्यायचं, खाली जाळ करायचा आणि नळी थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायची. देवदाराच्या तेलाचंही तत्त्व हेच. फरक इतकाच की गवत लवकर तेल सोडतं, लाकडाला तासन्‌तास लागतात. देवदार तेलातले रेणू जड असतात. म्हणूनच हे तेल दाटसर असतं, सावकाश उडतं आणि त्याचा वास कपड्यावर दुसऱ्या दिवशीही राहतो.

हिमाचलात लाकूड जाळून त्याचं काळपट, धुरकट वासाचं तेलही काढतात. त्याला तिकडे केलोन का तेल म्हणतात आणि ते मुख्यतः गुरांसाठी वापरतात. ते वाफेवरचं तेल नव्हे. केसांना किंवा अंगाला लावायला ते घेऊ नका.

वास कसा असतो?

बाटली उघडताच थोडा टर्पेंटाइनसारखा उग्र, मग हळूहळू गोडसर, कोरड्या लाकडाचा. अमेरिकन ज्युनिपरचं तेल नाकाला पेन्सिल तासल्यासारखं लागतं, कारण पेन्सिली वर्षानुवर्षं त्याच लाकडाच्या होत्या.

केस गळतात, चाई पडली आहे. उपयोग होईल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माणसावरचा त्यातल्या त्यात भक्कम पुरावाही याच बाबतीत आहे.

१९९८ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चाई पडलेल्या ८६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने थाइम, रोझमेरी, लव्हेंडर आणि सीडरवुड ही चार तेलं जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात मिसळून रोज डोक्याला चोळली. दुसऱ्या गटाने नुसतं जोजोबा आणि द्राक्षबियांचं तेल लावलं. सात महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४३ पैकी १९ जणांच्या डोक्यात सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात ४१ पैकी ६ जणांच्या.

आकडे चांगले आहेत, पण ते नीट वाचले पाहिजेत. हे चार तेलांचं मिश्रण होतं, त्यामुळे एकट्या सीडरवुडचं श्रेय किती ते यातून निघत नाही. त्यात वापरलेलं तेल ॲटलास सीडरचं होतं. आणि हा प्रयोग फक्त चाईवर होता, म्हणजे जिथे गोल चट्ट्यांत केस जातात तिथे. वडिलांसारखं कपाळ मागे सरकत चाललं असेल, बाळंतपणानंतर झडझड केस जात असतील किंवा अंगात रक्त कमी असेल, तर त्याची कारणं वेगळी आहेत आणि हा अभ्यास त्यांना लागू होत नाही. आपल्याकडे बायकांच्या केसगळतीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणं हे बाटली घेण्याच्या आधीचं काम आहे.

लावायचं असेल तर असं करा. ३० मिली तिळाचं तेल घ्या. खोबरेलही चालतं, पण थंडीत ते थिजतं आणि मग मिश्रण सारखं होत नाही. त्यात देवदार तेलाचे १२ थेंब टाका. हे साधारण दोन टक्के झालं, आणि मोठ्या माणसाच्या डोक्याला याहून जास्त लागत नाही. तेल दाट असल्यामुळे थेंब सावकाश पडतो. बाटली हलवून घाई करू नका, नाहीतर एकदम पाच-सहा थेंब जातात. काचेच्या बाटलीत मिसळून हातावर फिरवा. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबा. लाल झालं, खाज आली, तर डोक्याला लावायचंच नाही. काही झालं नाही तर रात्री बोटांच्या टोकांनी दोन-तीन मिनिटं चोळा आणि सकाळी धुवा. निदान तीन-चार महिने सातत्य ठेवायची तयारी असेल तरच सुरुवात करा.

कोंड्यासाठी?

डोकं कोरडं पडून साधा पापुद्रा निघत असेल तर वरच्या मिश्रणाने बरं वाटेल. पिवळट, चिकट खपल्या असतील तर तेल लावून त्या आणखी वाढू शकतात. तिथे औषधी शाम्पूच कामाचा.

झोप लागत नाही. उशीला लावलं तर चालेल का?

जवळ ठेवून वास घ्यायला हरकत नाही, पण कशाच्या भरवशावर ते समजून घ्या. सीडरवुडच्या वासाने झोप येते, हृदयाचे ठोके मंदावतात, असं जे सांगतात त्यामागे मुख्यतः सीड्रॉल या घटकावरचे प्रयोग आहेत, काही प्राण्यांवरचे, काही माणसांवरचे. पण सीड्रॉल भरपूर असतं ते ज्युनिपरच्या तेलात. आपल्या देवदाराच्या तेलात ते फारच थोडं असतं. तेव्हा झोपेसाठीच घ्यायचं असेल तर लेबलवर ज्युनिपेरस लिहिलेलं बघून घ्या. देवदाराच्या वासाने मन शांत होणं हा अनुभव खोटा नाही, बऱ्याच गिऱ्हाइकांना तो येतो, पण त्याचं श्रेय सीड्रॉलला देता येत नाही.

रुमालावर दोन थेंब टाकून तो उशापासून हातभर लांब ठेवा. थेट उशीच्या अभ्र्यावर नको, डाग पडतो आणि रात्रभर डोळ्यांजवळ राहतं.

कूलरच्या पाण्यात टाकलं तर खोलीभर वास येईल का?

एप्रिल लागला की हा प्रश्न येतोच, आणि उत्तर ठाम 'नको' असं आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरतं. पंप ते ओढतो आणि ते कूलरच्या गवताला चिकटून बसतं. मग त्यावर धूळ धरते, गवत चिकट होतं, हवा कमी येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातलं तान्हं मूल, दमा असलेली आजी, सगळ्यांना रात्रभर तोच वास, दुसरीकडे जायला जागा नाही. कूलरला वास हवाच असेल तर वाळा लावा. आपल्याकडची ती जुनी आणि निर्धोक रीत आहे.

डिफ्यूझर असेल तर पाण्यात तीन-चार थेंब, अर्धा-पाऊण तास, खिडकी थोडी उघडी. एवढं पुरेसं आहे.

नायट्यावर, गजकर्णावर लावू का?

नका लावू. प्रयोगशाळेतल्या बशीत देवदार तेल बुरशीला रोखतं हे खरं आहे. पण आपल्याकडचा नायटा सध्या भलताच चिवट झाला आहे. मेडिकलवरून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं परस्पर लावून लावून तो असा झाला. घामाच्या दिवसांत जांघेत, कमरेला त्यावर तेल चोळलं की कातडी सोलते आणि नायटा पसरतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि सांगितलेला औषधाचा कोर्स पूर्ण करा.

गुडघे दुखतात, त्यावर?

देवदाराच्या तेलाने उंदरांमधली सूज कमी झाल्याचं भारतातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. माणसांवर तसं ठाम काम झालेलं नाही. आयुर्वेदात मात्र देवदाराला वातावर जुनं स्थान आहे, महानारायण तेलाच्या घटकांत तो आहेच. कापूस वेचून, निंदणी करून कंबर-गुडघे धरलेल्या बायकांना मी सरळ महानारायण तेलच कोमट करून चोळायला सांगतो. तयार आहे, स्वस्त पडतं आणि प्रमाण चुकायची भीती नाही.

शालूला, लोकरीच्या कपड्यांना कसर लागते. तेलाचा बोळा ठेवला तर?

हा उपयोग मला मनापासून आवडतो, कारण घराघरातली गरज आहे. अमेरिकेत लोकरीचे कपडे सीडरच्या पेटीत ठेवायची पद्धत आहे. ती पेटी व्हर्जिनिया सीडरची, म्हणजे ज्युनिपरची. तिच्या वासाने कसरीच्या बारीक अळ्या मरतात, पण मोठ्या अळ्यांवर फारसा परिणाम होत नाही, आणि लाकूड जुनं होऊन वास गेला की तोही संपतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कपडे धुवा किंवा ड्रायक्लीन करा, कारण कसर घामाच्या आणि तेलकट डागांवर आधी बसते. मग सुती कापडाच्या पुरचुंडीत कापूस घालून त्यावर चार-पाच थेंब टाका आणि कपाटाच्या कोपऱ्यात टांगा, कापडाला न टेकेल अशी. रेशमावर किंवा जरीवर थेंब सांडला तर डाग निघत नाही. दर महिन्या-दीड महिन्याने थेंब पुन्हा टाका. आधीच भोकं पडायला लागली असतील तर कपडे कडक उन्हात उलटसुलट करून झटकून घ्या. आपल्या मे महिन्याचं ऊन त्या कामाला चांगलं आहे, फक्त रंगीत रेशीम सावलीत वाळवा.

दादर ज्वारीच्या कोठीत, तुरीच्या डाळीत ठेवलं तर किडे लागणार नाहीत ना?

देवदार तेलातले हिमाचलॉल आणि बीटा-हिमाचलीन हे घटक कडधान्यातल्या भुंग्याला मारतात, हे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. पण प्रयोगशाळेत किडा मारणं वेगळं आणि पोटात जाणाऱ्या धान्यात तेल ठेवणं वेगळं. बाजारातली बाटली खाण्यासाठी बनवलेली नसते, आणि वास भाकरीत उतरतो तो वेगळाच. धान्य खडखडीत वाळवा, कडुनिंबाचा पाला सुकवून घाला, कोठी हवाबंद ठेवा.

डासांसाठी?

थोडा वेळ डास दूर राहतात, मग पुन्हा येतात. डेंग्यूच्या दिवसांत यावर विसंबू नका. मच्छरदाणी लावा आणि आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा.

बैलांना, म्हशींना गोचीड झाले आहेत. तेल चोळू का?

देवदाराचं तेल जनावरांच्या त्वचेसाठी भारतात पूर्वापार वापरलं जातं, आणि मेंढ्यांच्या खरजेवर त्याचा चांगला परिणाम झाल्याचं आपल्याकडच्या पशुवैद्यकीय संशोधनात आलं आहे. जनावरांच्या जखमांवरच्या, खरजेवरच्या कित्येक तयार वनस्पतिजन्य फवाऱ्यांत आणि मलमांत देवदाराचं तेल असतं. शेतकऱ्याने तेच घ्यावं.

सुटं, न मिसळलेलं तेल चोळू नका. उन्हात जनावराची कातडी भाजल्यासारखी होते आणि जनावर ते चाटतं. दुभत्या म्हशीच्या दुधाला वास लागतो. वासरं-पारडूंवर तर अजिबात प्रयोग नको. आणि गोचीड फक्त अंगावर नसतात. ते गोठ्याच्या भिंतींच्या फटीत अंडी घालतात. गोठा स्वच्छ करून फटी चुन्याने भरल्याशिवाय अंगावरचे गोचीड काढून उपयोग नाही. ताप, लालसर लघवी, खाणं बंद अशी लक्षणं दिसली तर तेल बाजूला ठेवून लगेच पशुवैद्याला बोलवा, तो गोचीडतापही असू शकतो.

घरात मांजर असेल तर तिच्यापासून कुठलंही सुगंधी तेल लांब ठेवा. मांजराच्या यकृताला हे घटक नीट बाहेर टाकता येत नाहीत.

पोटातून घेतलं तर? आयुर्वेदात देवदार पितात ना?

बाळंतिणीला देतात तो देवदार्वादि काढा लाकडाचा असतो, इतर औषधांबरोबर पाण्यात उकळून केलेला आणि वैद्याने प्रमाण ठरवून दिलेला. काही ग्रॅम लाकडात तेलाचा अंश अगदी थोडा असतो. बाटलीतलं तेल म्हणजे कितीतरी किलो लाकडाचं सार. एकाच झाडाचं आहे म्हणून एकाच्या जागी दुसरं घेता येत नाही. थेंबभरही पिऊ नका, गरम पाण्यात नाही, मधात नाही. मुलाच्या हातून चुकून पोटात गेलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

गरोदरपणी, लहान मुलांना, दम्याच्या माणसांना?

गरोदरपणी आणि अंगावर पाजताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तान्ह्या बाळाच्या मालिशीत कुठलंही सुगंधी तेल घालू नका. दमा असेल तर कुठल्याही उग्र वासाने धाप लागू शकते. आधी रुमालावर एक थेंब टाकून लांबून बघा, आणि छाती भरल्यासारखी वाटली तर तिथेच थांबा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं सीडरवुड तेल हेच का? ते लावता येईल?

झाड ज्युनिपरचं, पण तेल दाट केलेलं आणि अंगाला लावण्यासाठी नाही. १८७० च्या दशकात जर्मनीत अर्न्स्ट ॲबे आणि कार्ल झाइस यांनी सूक्ष्मदर्शकासाठी ते वापरात आणलं. प्रकाश ज्या प्रमाणात काचेत वाकतो जवळपास त्याच प्रमाणात या तेलातही वाकतो. त्यामुळे काच आणि भिंग यांच्यामध्ये थेंब टाकला की किरण विखुरत नाहीत आणि शंभर पटीच्या भिंगाखाली चित्र स्वच्छ दिसतं. रक्ताच्या काचेवर मलेरियाचे जंतू शोधताना आजही भिंगाला तेल लावतात, फक्त आता ते बहुधा कृत्रिम असतं, कारण सीडरवुडचं तेल भिंगावर वाळून घट्ट होतं. जीवशास्त्राच्या मुलांनी काम संपताच भिंग पुसायची सवय ठेवावी.

अस्सल ओळखायचं कसं?

कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघायची युक्ती या तेलाला लागू पडत नाही. चांगलं देवदार तेलही दाट असतं आणि कागदावर बराच काळ राहतं. हातावर चोळून फार कळत नाही, पाण्यात टाकून तर काहीच कळत नाही. खात्रीची तपासणी तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावरच होते, जिला जीसी-एमएस म्हणतात. चांगले उत्पादक बॅच क्रमांकाप्रमाणे तो अहवाल देतात, मागा आणि बघा. बाटली गडद काचेची असावी, लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव, झाडाचा वापरलेला भाग आणि देश असावा. चंदन तेलाच्या मानाने देवदाराचं तेल बरंच स्वस्त असतं. कुणी चंदनाच्या भावाने विकत असेल तर घेऊ नका.

सफरचंदाच्या पेट्यांचं लाकूड देवदाराचं असतं का? आणि सातपुड्यात देवदार लावता येईल का?

पेट्यांना लोक देवदारी म्हणतात, पण त्या बहुधा फर, चीड अशा स्वस्त लाकडाच्या असतात, तेल निघणार नाही. सातपुड्यात देवदार रुजणार नाही. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे, आणि देवदाराला बर्फाची थंडी लागते. आपल्या डोंगरात सालई आहे, अंजन आहे, रोशा आहे. सुगंधी पिकात रस असेल तर रोशाचा विचार करा, त्याला आपली हवा मानवते.

बाटली किती दिवस टिकते?

लिंबू-संत्र्याच्या तेलांपेक्षा पुष्कळ जास्त, नीट ठेवली तर काही वर्षं. पण भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात, मोटारसायकलच्या डिकीत, खिडकीत ठेवलेली बाटली लवकर खराब होते. माठाशेजारच्या गार, अंधाऱ्या फडताळात ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच. झाकण घट्ट लावा आणि उघडलेली तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवा. तेल प्लॅस्टिकच्या डबीत ओतून ठेवू नका, त्याने काही प्लॅस्टिक विरघळतं. वास आंबूस किंवा व्हार्निशसारखा झाला की अंगाला लावणं बंद करा. ते तेल गोठ्याच्या किंवा न्हाणीच्या फरशीच्या पाण्यात घालून संपवा, आणि फरशी वाळेपर्यंत मुलांना व जनावरांना तिकडे जाऊ देऊ नका.